हो, जेवले

मागच्या जुलैतल्या एका रात्रीपासून ही गोष्ट डोक्यात आहे. साडेअकरा वाजले असतील. मुलुंडला दिवसभर पाऊस कोसळत होता, ग्रिलमध्ये वाळत घातलेला टॉवेल सकाळपेक्षा जास्त ओला झाला होता आणि माझं सर्व्हरचं काम एकदाचं संपलं होतं. एकेक विंडो बंद करत डावीकडच्या मॉनिटरवर आले, तिथे बाबांशी चाललेलं चॅट उघडं होतं. नऊ वाजता त्यांचा रोजचा मेसेज आलेला, 'जेवलीस का?' त्याखाली माझं उत्तर. मी 'हो, जेवले' असं लिहिल्याचं मला पक्कं आठवत होतं. स्क्रीनवर मात्र इंग्रजी लहान अक्षरं होती: यू, ए, स्वल्पविराम, मग पी, एस, बी, एन, एस. कीबोर्ड इंग्रजीत राहिला होता, मी तो मराठीत आहे असं समजून टाइप केलं होतं आणि एंटर दाबून लगेच उजवीकडच्या टर्मिनलकडे वळले होते. त्या अक्षरांखाली बाबांचं उत्तर होतं: 'बरं. काय केलं होतंस?'

चूक नेहमीचीच. दोन लिपींत काम करणाऱ्या कोणाच्याही हातून दिवसातून चारदा होते. पण बाबांनी 'हे काय पाठवलंस' असं विचारलं नव्हतं. त्यांनी ते सरळ वाचलं होतं. मी चॅट वर सरकवत गेले. जूनमध्ये दोनदा, एप्रिलमध्ये एकदा, होळीच्या आसपास एक अख्खं वाक्य, सगळं असंच इंग्रजी अक्षरांचं गिचमिड, आणि प्रत्येकाखाली बाबांचं नेमकं उत्तर. 'उद्या लवकर निघायचंय' याला 'मग झोप आता'. कुठेही तक्रार नाही, प्रश्नचिन्ह नाही. मी काय पाठवलंय हे मी कधी परत बघितलंच नव्हतं, आणि गिरगावातल्या त्यांच्या खोलीत ते फोन डोळ्यांजवळ धरून अक्षर न् अक्षर लावत बसले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही.

बाबांना ते कसं वाचता आलं, हे मला माहीत होतं. आम्ही दोघंही इन्स्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या कीबोर्ड-मांडणीवर टाइप करतो. त्यात यूच्या कळीवर ह, एच्या कळीवर ओकार. पीवर ज, एसवर एकार, बीवर व, एनवर ल. ज्याच्या बोटांत ही मांडणी मुरली आहे त्याला इंग्रजी अक्षरांच्या खाली मराठी अक्षरं दिसतात, जुन्या पाटीवर पुसलेलं दिसावं तशी. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. आणि हीच मांडणी बंगालीला, तमिळला, तेलुगूला. त्या भाषांतही 'क' केच्याच कळीवर सापडतो. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने इस्की या, भारतीय लिपी कॉम्प्युटरवर आणण्याच्या मानकात ती घेतली. माझा कॉम्प्युटर ज्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमवर चालतो, तिचं पहिलं कर्नल, म्हणजे गाभा, तोही त्याच सालातला. या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या आणि माझ्या टेबलावर येऊन भेटल्या, याचं मला कायम अप्रूप वाटत आलंय.

माझं टेबल म्हणजे खिडकीला लावलेलं जुनं शिसवी मेज. त्यावर दोन मॉनिटर. उजवीकडे कोड आणि टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची विंडो, सगळं इंग्रजी. डावीकडे त्याच ॲप्लिकेशनच्या पडद्यांवरचा मराठी मजकूर, कारण आमच्या टीममध्ये कोड लिहिणारी आणि मराठी लिहिणारी मी एकटीच. एका वाक्यासाठी डावीकडे, एका ओळीसाठी उजवीकडे, असं दिवसभर चालतं. मान वळते, डोळे वळतात. कीबोर्ड एकच, आणि तो कोणत्या भाषेत आहे हे त्याच्याकडे बघून कळत नाही.

त्या वेळी मी लिनक्सवरचा नोम हा डेस्कटॉप वापरत होते. त्यात वरची पट्टी फक्त मुख्य मॉनिटरवर दिसते, आणि कीबोर्ड कुठल्या भाषेत आहे हे सांगणारी दोन इटुकली अक्षरं त्या पट्टीच्या कोपऱ्यात. सुपर (विंडोजच्या खुणेची कळ) आणि स्पेस दाबून भाषा बदलली की जो चौकोन क्षणभर उमटतो, तोही मुख्य मॉनिटरवरच. माझा मुख्य मॉनिटर उजवीकडचा. म्हणजे मी डावीकडे बघून बाबांना लिहितेय आणि कीबोर्ड इंग्रजीत आहे ही खबर माझ्या उजव्या कानामागे कुठेतरी लागलेली. त्यात मी प्रत्येक विंडोसाठी कीबोर्डचा लेआउट, म्हणजे भाषेची मांडणी, वेगळा लक्षात ठेवण्याची सोय सुरू केली होती. मोठ्या आशेने केली होती: टर्मिनल इंग्रजीत राहील, मजकुराची विंडो मराठीत राहील, मला हात लावायला नको. बहुतेक वेळा तसं होतंही. पण ब्राउझरची विंडो एक आणि तिच्यातले टॅब पंधरा. शेजारच्या टॅबमध्ये काही इंग्रजीतून शोधायला मी लेआउट बदलते, चॅटच्या टॅबवर परत येते, आणि विंडो तीच असल्यामुळे लेआउटही तोच, इंग्रजी. यंत्राला विंडो कळते. त्या विंडोत मी कोणाशी बोलतेय हे त्याला कुठून कळणार? शिवाय यंत्राच्या लेखी मी असते ती शेवटचं क्लिक जिथे केलं तिथे. डोळे कधीच दुसऱ्या मॉनिटरवर पोचलेले असतात.

उलटी चूक तर आणखी ओळखीची. टर्मिनलमध्ये फाइलींची यादी बघायला एल आणि एस दाबावं, तर कीबोर्ड मराठीत असला की तिथे 'ते' उमटतं. अगदी शुद्ध, स्वच्छ मराठी सर्वनाम. खाली बॅश, टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्राम, सांगतं, 'ते' नावाची कमांड सापडली नाही. व्हीआय हा एडिटर उघडायला जावं तर 'नग'. फाइल हलवायची एमव्ही म्हणजे 'सन'. प्रोग्राम बांधायची मेक ही कमांड 'सोका' होते, आणि या शब्दाला काहीतरी अर्थ असायला हवा होता असं मला दर वेळी वाटतं. पासवर्डच्या जागी मात्र काहीच उमटत नाही. सुडो या, प्रशासकाच्या अधिकाराने काम करायच्या कमांडचा पासवर्ड टाइप करताना टर्मिनल कोरंच राहतं, ठिपकासुद्धा दिसत नाही. तिथे कीबोर्ड मराठीत असेल तर आपण मनोभावे चुकीचं टाइप करत राहतो आणि तीन वेळा नकार मिळाल्यावर आपल्याच स्मरणशक्तीवर शंका घेतो.

बाबा फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत टंकलेखक होते. १९७८ साली लागले, तेव्हा मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द मिनिटाला अशा दोन्ही परीक्षा पास होते. शाळेला सुट्टी असली की कधीकधी मला घेऊन जायचे. उंच छताची खोली, छतापासून लांब दांड्यावर लोंबणारा पंखा, कागदांवर पेपरवेट म्हणून ठेवलेले गुळगुळीत दगड, आणि यंत्रांच्या तेलाचा नि शाईच्या फितीचा एक गोडसर, जड वास, जो संध्याकाळी त्यांच्या सदऱ्यालाही यायचा. त्यांच्यापुढे काटकोनात लावलेली दोन टेबलं होती. एका टेबलावर इंग्रजी मशीन, दुसऱ्यावर मराठी. दिल्लीला जायचं पत्र इंग्रजी मशीनवर, इथली टिपणी मराठी मशीनवर. मध्ये बाबांची वेताची खुर्ची. ते पाय रोवून खुर्ची वळवत, तेव्हा तिचा एक पाय फरशीवर करकरायचा. तो आवाज झाला की पुढचा मजकूर कुठल्या भाषेतला, हे कोपऱ्यात चित्र काढत बसलेल्या मलाही कळायचं.

मराठी मशीनचा खडखडाटच वेगळा होता. इंग्रजीचा ठोका एकसारखा, घड्याळासारखा. मराठीत काही कळा अशा की त्या दाबल्या तरी कागद पुढे सरकत नसे. मात्रा, अनुस्वार यांच्या त्या कळा, अक्षराच्याच जागेत बसायच्या. काही अक्षरं अर्धी मारायची आणि काना देऊन पुरी करायची. 'कि' लिहायचं तर आधी पहिली वेलांटी, मग क, म्हणजे हाताने लिहिताना पेन जसं जातं तसं. त्यामुळे मराठीच्या तालात मध्येच एक अडखळ असे. ती अडखळ म्हणजेच मराठी, असं मला लहानपणी वाटायचं.

२००६ मध्ये ती दोन्ही मशीनं उचलली गेली आणि एक कॉम्प्युटर आला. बाबा तेव्हा ५२ वर्षांचे होते. २८ वर्षं त्यांनी आधी वेलांटी आणि मग अक्षर मारलेलं. इन्स्क्रिप्टमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी. जसं बोलतो तसं. काना देऊन अक्षर पुरं करायचं नाही, उलट अक्षर पुरंच असतं, अर्धं हवं असेल तर डीची कळ दाबून त्याचा पाय मोडायचा. आईने दिवाळीच्या मिठाईच्या खोक्याचं झाकण त्यांना कापून दिलं. त्याच्या पाठीवर त्यांनी पट्टीने चौकोन आखले आणि प्रत्येकात अक्षर लिहिलं: साध्या कळीचं निळ्या शाईने, शिफ्टचं लाल. एनच्या चौकोनात खाली निळा ल, वर लाल ळ, आणि त्या ळभोवती दोनदा गिरवलेलं वर्तुळ, कारण तो सारखा चुकायचा. जेच्या चौकोनात र, वर लाल शाईत ऱ. रोज रात्री जेवणं झाली की ते पुठ्ठा पाटावर ठेवत आणि त्याच्यावर बोटं चालवत. आवाज काहीच नाही. अठ्ठावीस वर्षं खडखडाट करणारी बोटं पुठ्ठ्यावर मुकी चालत होती, आणि ओठ अक्षरं म्हणत होते. मी कॉलेजात होते. त्यांच्याशेजारी बसून मीही तोच पुठ्ठा शिकले. मराठी टाइप करायला मला दुसऱ्या कोणी शिकवलेलं नाही.

तो पुठ्ठा अजून माझ्या खणात आहे. कडा मऊ पडल्यात, एका कोपऱ्यावर तुपाचा पारदर्शक डाग आहे.

एवढं सगळं असून गेली दोन-तीन वर्षं मी बाबांना बरेचदा रोमन अक्षरांत मराठी लिहायला लागले होते. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण ते खरं आहे. चॅट वर सरकवताना गिचमिडापेक्षा ते मला जास्त खुपलं. मैत्रिणींशी, चुलतभावंडांशी तर सगळेच तसं लिहितात. कंटाळा मराठीचा नव्हताच. कंटाळा होता त्या अर्ध्या सेकंदाचा, मान वळवून कोपऱ्यात बघा, आता काय चालू आहे ते पाहा, मग बदला, मग लिहा. दिवसातून शंभर वेळा. कधीतरी मन म्हणतं, जाऊ दे, जे चालू आहे त्यातच लिही. रोमनमध्ये 'वेळ' आणि 'वेल' एकच दिसतात, 'कधी' आणि 'कढी' एकच. ज्या ळभोवती बाबांनी दोनदा वर्तुळ काढलं होतं, तो माझ्या मेसेजांतून मीच घालवला होता. आई म्हणते, तुझं रोमन आलं की हे मोठ्याने वाचतात, दोनदा. लोक मातृभाषा सोडतात तेव्हा त्यामागे मोठी कारणं असतील असं आपण धरून चालतो. माझ्या बाबतीत कारण एवढंच होतं की एक खूण चुकीच्या मॉनिटरवर होती.

लिनक्सवर या प्रश्नाशी माझी झटापट जुनी आहे. आधी मी पूर्ण डेस्कटॉपऐवजी एक हलकाफुलका विंडो मॅनेजर वापरायचे, सुरुवातीच्या फाइलमध्ये सेटएक्सकेबीमॅप या लेआउट ठरवणाऱ्या कमांडची एक ओळ, इंग्रजी आणि मराठी, काम झालं. मग नवा मॉनिटर घेतला, त्याच्या पाठीमागे यूएसबीची भोकं होती म्हणून कीबोर्ड तिथेच जोडला, वायरींचा गुंता कमी झाला. आणि मराठी नाहीशी व्हायला लागली. चहा करून यावं तर भाषा बदलायची कळच मेलेली. कधी व्हायचं, कधी नाही. तीन आठवडे मी लेआउटच्या फाइली उपसत बसले, आणि दोष तिथे नव्हताच. मी चहाला गेले की मॉनिटर झोपायचा, त्याच्याबरोबर त्याचं यूएसबी हब झोपायचं, आणि मी परतल्यावर कीबोर्ड नव्याने जोडल्यासारखा हजर व्हायचा. सेटएक्सकेबीमॅपने सांगितलेलं असतं ते त्या क्षणी जोडलेल्या कीबोर्डला. नंतर आलेल्याला ते कोणी सांगत नाही, त्याला सिस्टमची मूळ मांडणी मिळते, आणि माझ्या सिस्टमची मूळ मांडणी निव्वळ इंग्रजी होती. लोकलसीटीएल नावाची कमांड वापरून मराठी सिस्टमच्याच सेटिंगमध्ये घातली, म्हणजे जो कीबोर्ड येईल तो मराठी घेऊनच येईल, तेव्हा ते थांबलं. पुढे वेलँड या, पडद्यावर विंडो दाखवण्याच्या नव्या व्यवस्थेवर गेल्यावर ती सेटएक्सकेबीमॅपची ओळ तशीही निकामी झाली, तिथे लेआउट डेस्कटॉपच्याच हाती असतो. पण त्या तीन आठवड्यांत रोमनची सवय लागली ती लागलीच.

त्या रात्रीनंतरच्या रविवारी गिरगावात गेले. बाबा गॅलरीत पेपर वाचत होते, खाली गल्लीत कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. मी विचारलं, "बाबा, मी ते उलटसुलट पाठवते, तुम्ही बोलला नाहीत कधी."

"त्यात काय बोलायचं? कळतं की मला." मग पेपर खाली करून म्हणाले, "जरा वेळ लागतो एवढंच. बोटं हलवून बघावी लागतात."

"कचेरीत तुमचं कधी व्हायचं असं? मराठीऐवजी इंग्रजी?"

त्यांना प्रश्नच कळेना. "कसं होईल? दोन मशीनं होती. इंग्रजीच्या मशीनवर मराठी उमटेल कसं?" थोड्या वेळाने म्हणाले, "खुर्ची वळवली की झालं. आधी खुर्ची, मग बोटं. मशीनला विचारायला लागायचं नाही, बाई गं, तू आत्ता कुठली आहेस म्हणून."

परतीच्या लोकलमध्ये दादरच्या गर्दीत चेपून उभी असताना ते वाक्य मनात फिरत राहिलं. माझी भाषा बदलायची कळ म्हणजे 'आहे त्याच्या उलट कर' असा हुकूम. उलट करायचं तर आधी काय आहे हे ठाऊक असायला हवं, म्हणजे बघायला हवं, म्हणजे मान वळवायला हवी. बाबांची खुर्ची आधी काय होतं हे विचारत नव्हती. मराठीच्या टेबलाकडे वळली की मराठी; आधीच तिकडे असली तरी मराठीच. अशी सोय लिनक्सच्या कीबोर्ड-पर्यायांत कधीपासून आहे, मी ती यादी कितीदा वरून खाली चाळली होती: नुसतं कॅप्स लॉक दाबलं की पहिला लेआउट, शिफ्टसकट कॅप्स लॉक दाबलं की दुसरा. अदलाबदल नाही, थेट निवड. कॅप्स लॉकची कळ मला तशीही कधी लागत नाही. त्याच आठवड्यात मी नोम सोडून प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपवर आले, कारण तिथे दोन्ही मॉनिटरवर पट्टी लावता येते आणि दोन्ही पट्ट्यांवर भाषेची खूण ठेवता येते. खूण आता जिथे बघावं तिथे असते. पण खरं सांगायचं तर दोन आठवड्यांनी मी तिच्याकडे बघणं सोडलं. डावीकडे वळताना करंगळी आपोआप शिफ्ट-कॅप्स शोधते, उजवीकडे वळताना नुसतं कॅप्स. मराठी आधीच चालू असली तरी दाबते. बिघडत काहीच नाही.

गणपतीत बाबा चार दिवस राहायला आले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडी आवरत होते, तर टेबलाशी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते माझ्या जागी बसले होते. आमच्या मजल्यावरच्या आरतीच्या वेळांची चिठ्ठी लावायची होती, ती ते टाइप करणार होते. मी शिफ्ट-कॅप्सचं सांगितलं. त्यांनी दाबलं, डावीकडे बघितलं, परत दाबलं. पुन्हा दाबलं. "मराठीच राहतं," म्हणाले, आणि हात कीबोर्डवर ठेवले, मनगटं उचललेली, जशी यंत्रावर ठेवायचे तशी. 'आरतीची वेळ' लिहिलं. वेळ मधल्या ळशी क्षणभर थांबले, मग उजव्या हाताने एन दाबताना डाव्या करंगळीने शिफ्ट घट्ट धरून ठेवलं, गरजेपेक्षा किती तरी जास्त वेळ. माझा कीबोर्ड हलक्या कळांचा आहे, त्याचा फारसा आवाज येत नाही. त्यांनी चार ओळी संपवल्या तेव्हा स्वयंपाकघरातून मला एवढंच ऐकू येत होतं की ते अक्षरं पुटपुटताहेत.

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि ते घरी गेले. रात्री नऊला डावीकडच्या मॉनिटरवर मेसेज आला, 'जेवलीस का?' उजवीकडे एक बॅकअप चालू होता. मी वळले, करंगळीने शिफ्ट-कॅप्स दाबलं आणि लिहिलं, 'हो, जेवले. पिठलं-भात. तुम्ही ठेवलेलं लोणचं काढलं.' पाठवल्यावर एकदा वाचून बघितलं. सगळं मराठीत होतं, लोणच्यातला ण सुद्धा जागेवर.

बराच वेळ 'टाइप करताहेत' असं दिसत राहिलं. बाबा फोनवर बोटाने अक्षरं काढून लिहितात, वेळ लागतो. मग उत्तर आलं. इंग्रजी, लहान लिपीत, तीनच अक्षरं: वाय, जे, एक्स.

मी कीबोर्डकडे बघितलं नाही. बोटं टेबलाच्या लाकडावरच हलली. ब. र. अनुस्वार.